दहा हजारांत निरोगी गाव : नवख्या सदस्यांसाठी मार्गदर्शिका

गावच्या आरोग्य समितीवर तुमची निवड झाली आहे. ही बातमी तुम्हाला आत्ताच कळत असेल तर वाईट वाटून घेऊ नका, मलाही तशीच कळली होती. घरपट्टी भरायला ग्रामपंचायतीत गेलो होतो. भाऊसाहेबांनी प्रोसिडिंग बुक पुढे सरकवलं आणि म्हणाले, "इथं तीन सह्या करा. मागच्या तीन सभांना तुम्ही हजर होता." (ग्रामसेवकांचं पदनाम आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं आहे. गाव मात्र भाऊसाहेबच म्हणतं. तुम्हीही तसंच म्हणा, काम लवकर होतं.)

समितीचं पूर्ण नाव 'ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती'. ते आधी पाठ करा. अध्यक्ष ग्रामपंचायतीतले. सचिव कुठे आशाताई, कुठे अंगणवाडीताई. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सदस्य किमान पंधरा, त्यात निम्म्या तरी बायका. प्रत्यक्ष सभेला आशाताई, अंगणवाडीताई, चहा घेऊन आलेला शिपाई आणि मी. कोरम पुढच्या आठवड्यात घरोघरी फिरून पूर्ण होतो.

आता मूळ कल्पना समजून घ्या, कारण ती चांगली आहे आणि हे मी चेष्टेनं म्हणत नाही. १२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. त्यात कोणीतरी शहाण्या माणसानं असं मांडलं की, गावात रोगराई कुठून शिरते हे दिल्लीला किंवा मुंबईला कळणार नाही. विहिरीच्या कठड्याला कुठे भेग आहे, कोणत्या आळीत गटार तुंबतं, कोणाच्या घरी दवाखान्यात जायला भाड्याचे पैसे नाहीत, हे गावाला माहीत असतं. तेव्हा गावाच्या हातात थोडा पैसा असा द्यावा की ज्याला कसलीच दावण नाही. म्हणून त्याचं नाव 'अबंधित निधी'. रक्कम, गावामागे वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत.

दोन हजार वस्तीचं गाव धरा. माणशी वर्षाला पाच रुपये. एवढ्यात आजकाल कटिंगही मिळत नाही. हा दहा हजारांचा आकडा अभियानाच्या सुरुवातीला ठरला, तोच २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांतही राहिला. दहा हजारांत तेव्हा काय येत होतं ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आता काय येतं ते किराणावाल्याला.

आधी जमवायचं सामान

समितीचा गोल शिक्का. शाईचं पॅड, सुकलेलं असल्यास त्यावर घालायला पाणी. कॅशबुक. पासबुक, सापडल्यास. रेव्हेन्यू तिकिटं, कारण पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं तिकीट लागतं आणि ते नेमकं त्याच दिवशी पोस्टात संपलेलं असतं. यातलं काही नसलं तरी चालेल, पण आशाताईंचा फोन नंबर मात्र पाहिजेच. सभा कधी आहे, पैसे किती आहेत, गावात कोणाला ताप आहे, कोणत्या सुनेला दिवस गेलेत, हे सगळं त्या एका डोक्यात असतं. समितीची सभा भरवली की त्यांना महिन्याला दीडशे रुपये मिळतात. सभेला न आलेल्या बाकीच्या सदस्यांना बोलावण्याचे वेगळे काही मिळत नाहीत. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. त्याच आशांना आपल्या राज्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये मानधनासाठी संपावर बसावं लागलं. दोन्ही बातम्यांची कात्रणं आमच्या आशाताईंनी एकाच प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहेत.

पैसा येतो कसा

नवख्या सदस्याचा पहिला प्रश्न असतो, "पैसे आले का?" हा प्रश्न विचारू नका, त्यानं सगळ्यांचं तोंड पडतं. "या वर्षीचे की मागच्या?" असं विचारा. अनुभवी वाटाल.

मार्ग असा. साठ टक्के केंद्राचे, चाळीस टक्के राज्याचे. केंद्राचा हप्ता राज्याच्या तिजोरीत येतो, तिथून राज्याच्या आरोग्य सोसायटीकडे जातो, मग जिल्हा, मग तालुका, मग आरोग्य केंद्र, मग गाव. प्रत्येक थांब्यावर आधीच्या पैशांचं उपयोगिता प्रमाणपत्र मागतात. मागचे पैसे खर्च झाल्याचा कागद दिल्याशिवाय पुढचे मिळत नाहीत, आणि मागचे मिळालेच मुळी फेब्रुवारीत. अलीकडे वरच्या खात्यांत प्रत्यक्ष पैसा ठेवतच नाहीत. खातं शून्य शिलकीचं, त्यावर खर्चाची 'मर्यादा' दिलेली. त्यामुळे तालुक्याला चौकशी केली तर "पैसे नाहीत, मर्यादा आहे," असं उत्तर मिळतं. ऐकायला ते कीर्तनातल्या निरूपणासारखं वाटतं.

इथे दोन पंचांगं शेजारी लावून बघा. सरकारचं वर्ष एप्रिलमध्ये उजाडतं. डासांचं पहिल्या पावसाबरोबर. डेंग्यूच्या एडिस डासाला अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आमच्या निधीला तेवढाच प्रवास करायला आठ-दहा महिने लागतात. मृगात गटारं तुंबतात, श्रावणात ताप येतो, दिवाळीपर्यंत साथ ओसरते, आणि शिमग्याच्या सुमाराला खात्यात पैसे पडल्याचा मेसेज येतो. मेसेजबरोबर फोनही येतो : ३१ मार्चच्या आत खर्च करा, नाहीतर परत जातील. साथ संपल्यावर साथीचा बंदोबस्त करायचा तो असा, मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात, पळत.

वरच्या पातळीवर पैशांची वाण आहे असं समजू नका. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करायला ७०,०५१ कोटी रुपये सुचवले होते. देशाच्या लोकसंख्येनं भागलं तर माणशी वर्षाला साधारण शंभर रुपये. उपकेंद्रांच्या इमारती, तपासण्यांची सोय, तालुका पातळीवरची आरोग्य युनिटं अशी त्यांची कामं ठरलेली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के करायचं लिहिलं आहे, आणि त्यातला दोन-तृतीयांश किंवा जास्त हिस्सा प्राथमिक आरोग्यावर. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत हा सरकारी आरोग्यखर्च उत्पादनाच्या १.८४ टक्के दिसतो. हे आकडे सभेत सांगायला उपयोगी पडतात. मी एकदा सांगितले, तेव्हा सरपंच म्हणाले, "ते खरं, पण आपल्या खात्यात दोन हजार तीनशेच आहेत."

काय घ्यावं, काय घेऊ नये

हे प्रकरण नीट वाचा. रोग टाळण्याच्या वस्तू दोन प्रकारच्या असतात : बिल मिळणाऱ्या आणि बिल न मिळणाऱ्या. पहिल्या घ्याव्यात, दुसऱ्या घेऊ नयेत.

बिल मिळणाऱ्यांत सर्वांत वरचा मान धुराच्या मशीनचा. समितीच्या निधीत ते बसत नाही, पण इकडचे तिकडचे जोडून, ग्रामनिधीला हात घालून बसवता येतं. त्याला जीएसटी क्रमांक असतो, वॉरंटी कार्ड असतं, दोन फसवी आणि एक खरं अशी तीन दरपत्रकं सहज मिळतात. शिवाय आवाज असतो. आमच्या गावात ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. मारुतीच्या पारापासून निघालं, मागे पोरांची झुंड, पुढे सरपंचांचा पुतण्या मोबाइल उलट्या बाजूनं धरून चालतोय. डिझेलचा तो पांढरा लोट कौलांवर गेला, माणसं दारात आली, म्हाताऱ्यांनी पदर नाकाला लावला आणि कृतज्ञतेनं खोकल्या. सगळ्या गावाला वाटलं, आता काहीतरी होतंय.

प्रत्यक्ष काय होतं ते मला आमच्या आरोग्य सेवकानं समजावलं. गाव त्याला डॉक्टर म्हणतं आणि त्याला ते आवडतं. धुरानं मरतात ते त्या क्षणी उडत असलेले डास. एडिस दिवसा चावतो, आणि एरवी घरात खाटेखाली, टांगलेल्या कपड्यांच्या आड दबा धरून बसतो. धूर रस्त्यावर. आणि रांजणातल्या, टायरातल्या, फ्रिजच्या मागच्या ट्रेमधल्या अळ्यांना तर वर काय मिरवणूक चाललीय याचा पत्ताही नसतो. आठवड्यानं नवी फौज तयार. साथ भडकली तर धुराचा उपयोग आहे, तोही नेमक्या घरांत, नेमक्या वेळी. "मग गावभर कशाला मारायचा?" मी विचारलं. "लोक मागतात," तो म्हणाला. "धूर मारला नाही तर लोक म्हणतात आरोग्य खातं झोपलंय. मी शंभर घरांचे रांजण टॉर्च लावून बघितले तर म्हणतात, हा बाबा आमच्या घरात काय डोकावतोय?"

आता बिल न मिळणाऱ्या वस्तू. त्यांची राणी म्हणजे काथ्या. नारळाच्या शेंडीची, भांडी घासायची. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. भांडं रिकामं केलं, वाळवलं, तरी ती अंडी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतली कड खसाखसा घासावी लागते. एवढं शास्त्र आहे आणि त्याला लागणारं यंत्र बाजाराच्या दिवशी दहा रुपयांना मिळतं, पोत्यावर मांडून बसलेल्या बाईकडे. तिच्याकडे जीएसटी क्रमांक नसतो.

मधल्या प्रकारात टीसीएल पावडर येते. पाणी शुद्ध करायची, विहिरीत टाकायची, नाकात झणझणणारी ती. तिचं बिल मिळतं आणि उपयोगही आहे, त्यामुळे ती घ्यावी असं कोणीही म्हणेल. इथेच नवखा फसतो. ताज्या पावडरीत क्लोरीन तेहेतीस टक्क्यांच्या आसपास असतो, हजार लिटरला पाच ग्रॅम पुरते. पण ती हवेला उघडी पडली, ओल लागली, ऊन लागलं की क्लोरीन उडून जातो. वीस टक्क्यांच्या खाली गेली की टाकली काय न टाकली काय. आता जमाखर्च मांडा. पैसे मार्चमध्ये आले. पावडर मार्चमध्येच घेतली, नाहीतर पैसे परत जातात. ठेवली कुठे, तर ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत, गणपतीच्या मखराला टेकून, पोत्याचं तोंड सुतळीनं अर्धवट बांधलेलं. आषाढात जलसुरक्षकानं ती विहिरीत टाकली. पाण्यात क्लोरीन उतरला का बघायला अर्ध्या तासानं ओटी टेस्ट घेतली. परीक्षानळीत औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं व्हायला हवं. आमचं पाणी निर्मळ, पारदर्शक राहिलं. सदस्य खूश झाले. "बघा किती स्वच्छ आहे!" जलसुरक्षकानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

त्या वर्षी आमच्या गावाला पिवळं कार्ड मिळालं. वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि धोका कमी तर हिरवं, मधला तर पिवळं, जास्त तर लाल, अशी कार्डं ग्रामपंचायतीला देतात. लागोपाठ पाच वर्षं साथ नसेल तर चंदेरी. लाल कार्ड भिंतीवर लावलेलं मी कुठल्याही गावात पाहिलेलं नाही.

कोरडा दिवस

आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी रिकामी करायची, घासायची, पालथी घालायची. खर्च शून्य. म्हणूनच या कार्यक्रमाला निधी नाही, आणि निधी नसल्यामुळे त्याचा आढावाही नाही. सदस्यानं निदान एकदा तरी आशाताईंबरोबर फिरावं. मी फिरलो.

खालच्या आळीत एका आजीकडे गेलो. अंगणात मोठा रांजण, अर्धा जमिनीत पुरलेला, तिच्या सासूच्या वेळचा. आशाताईंनी टॉर्च मारला. आत अळ्या वळवळत होत्या. उजेड पडल्याबरोबर डोकं खाली करून सुळकन तळाशी.

"आजी, हे ओतायला लागतंय."

"ओत की. आणि मग पाणी तू भरून देतीस का?"

"आज रविवार ना, नळ कधी येतो?"

"गुरुवारी आला तर आला. येतो तवा अर्धा तास. पहिली दहा मिनिटं गढूळ. तुज्या सायबाला सांग, नळ रोज सोड. मी रांजण फोडून टाकते, त्यात तुळस लावते."

आशाताईंनी वाद घातला नाही. वरचं पाणी गाळून दोन हंडे काढून घेतले, उरलेलं झाडांना ओतलं. पिशवीतून काथ्या काढली, पदर खोचला आणि कमरेपर्यंत रांजणात वाकल्या. आतून घासल्याचा आवाज येत होता, खर्र खर्र, आणि त्यांचं बोलणं घुमत होतं. "फडकं बांधायचं हां वरनं. घट्ट." मी टॉर्च धरून उभा होतो. समितीचा सदस्य म्हणून माझं एवढंच योगदान.

त्या दिवशी आम्ही एकतीस घरं केली. फोटो एकही नाही, कारण टॉर्च माझ्या फोनचा होता.

फोटो

ही चूक तुम्ही करू नका. ज्याचा फोटो नाही ते झालं नाही. रोग झालाच नाही याचा फोटो काढता येत नाही, म्हणून प्रत्येक कामात फोटो येईल अशी जागा आधीच शोधून ठेवा : फलक, फीत, रोप, झाडू. झाडू हातात धरताना पुढारी तो उलटा धरतात, तो सुलटा करून द्यायला एक माणूस जवळ ठेवा.

फोटोच्या पुढची पायरी म्हणजे स्पर्धा. आपल्याकडे आरोग्याला पैसा आधी मिळणं अवघड, पण नंतर बक्षीस म्हणून मिळणं सोपं. २००० साली आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. तिथे आधी छदाम नव्हता, गाव झाडून दाखवलं तर बक्षीस. खेडीच्या खेडी उठली होती, मी स्वतः पहाटे चारला गटार उपसलं आहे. आजवर निधीतून जेवढं काम झालं त्यापेक्षा जास्त काम त्या निधी नसलेल्या वर्षात झालं, असं माझं मत आहे. सरपंचांना ते पटत नाही. नंतर २०२१ मध्ये कोरोनामुक्त गावांची स्पर्धा आली. प्रत्येक महसूल विभागात पहिलं बक्षीस पन्नास लाख. मी तेव्हाच हिशेब केला : अबंधित निधीच्या दरानं पन्नास लाख जमायला पाचशे वर्षं लागतात. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या शतकभर आधी समिती गठित झाली असती तर आज कुठे एका बक्षिसाएवढे पैसे झाले असते.

सध्याची स्पर्धा क्षयरोगमुक्त ग्रामपंचायतीची. निकष पाळले तर प्रमाणपत्र आणि महात्मा गांधींचा पुतळा. पहिल्या वर्षी कांस्य रंगाचा, दुसऱ्या वर्षी चंदेरी, तिसऱ्या वर्षी सोनेरी. आमच्याकडे बातमी आली तेव्हा एक सदस्य लगेच म्हणाले, "सोपं आहे, खोकणाऱ्यांना तालुक्याला पाठवू नका. नोंदच झाली नाही तर रुग्ण शून्य." पण ज्यानं हे निकष लिहिले त्याला गावं माहीत असावीत. हजार लोकांमागे रुग्ण एकापेक्षा जास्त नको, हे एक. पण त्याचबरोबर हजारामागे निदान तीस संशयितांची तपासणी झालीच पाहिजे. म्हणजे शोधायचंही आणि सापडायचंही नाही. सदस्य बराच वेळ गप्प बसले. मला हा सरकारी कागदावरचा एक मस्त डाव वाटतो, त्या बाबूला भेटायला आवडेल.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर नांदेडकडे बघा. हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी. घरोघरी चार बाय चार बाय चार फुटांचा खड्डा, मधे भोकं पाडलेली टाकी, भोवती दगड, सांडपाणी आत जिरतं. उघडं गटारच नाही, तर डास वाढणार कुठे? पुढे या शोषखड्ड्यांना 'नांदेड पॅटर्न' म्हणू लागले आणि पैसा रोजगार हमीतून मिळाला, आरोग्याच्या खात्यातून नव्हे. आमच्या सभेत मी हा विषय मांडला. ठराव झाला, सूचक मी, अनुमोदक आशाताई. अडचण एकच निघाली, खड्डा जमिनीखाली असतो. लोकार्पण कसं करायचं?

जनसुनवाई (नवशिक्यांनी हे प्रकरण वगळावे)

२००७ पासून महाराष्ट्रात पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची 'साथी' संस्था राज्यपातळीवर समन्वयाला होती. गावकऱ्यांनी उपकेंद्राला, आरोग्य केंद्राला गुण द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभं राहून विचारायचं : औषध का नव्हतं, नर्सबाई का आल्या नाहीत, पैसे कुठे गेले. हे वगळा म्हटलं ते अशासाठी की एकदा विचारायची सवय लागली की माणूस आपल्याच समितीलाही विचारू लागतो.

हिशेब

शेवटचं प्रकरण, आणि परीक्षेत यावरच प्रश्न येतो. खर्च कमी झाला तर विचारतात का झाला नाही. पूर्ण झाला तर विचारतात कसा झाला. दहा हजारांच्या हिशेबाला कागद किती लागतात ते मी एकदा मोजलं : ठराव, इतिवृत्ताची प्रत, दरपत्रकं तीन, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, बिल, साठा नोंद, पोच, व्हाउचर, उपयोगिता प्रमाणपत्र, फोटो. सगळ्याच्या तीन प्रती. झेरॉक्सला पैसे कोठून? त्याला वेगळा ठराव.

आमच्या शेवटच्या तपासणीला तालुक्याहून दोघं आले होते. धुराच्या मशीनची फाइल त्यांनी प्रेमानं चाळली. सगळं जागच्या जागी. मशीन बघायचंय का विचारलं, तर नको म्हणाले. बरं झालं, ते दोन पावसाळे बंद होतं आणि त्याच्या नळीत मुंग्यांनी घर केलं होतं. टीसीएलचं बिलही पास झालं. पावडरीत दम किती हा रकाना तपासणीत नाही. मग कॅशबुकात एका ओळीवर बोट थांबलं : 'काथ्या, ४ नग, ४० रुपये.'

"पावती?"

"बाजारात घेतल्या. पावती देत नाहीत."

"मग कशा घेतल्या?"

"हातानं," आशाताई म्हणाल्या.

साहेब हसले, माणूस वाईट नव्हता. पण शेरा लिहावा लागला : 'पावतीअभावी रु. ४०/- आक्षेपाधीन, वसूलपात्र.' वसूल कोणाकडून, तर ज्याच्या सूचनेनं खरेदी झाली त्याच्याकडून. प्रोसिडिंग बुकात सूचक म्हणून माझं नाव होतं. त्या सभेला मी खरोखर हजर होतो, ही त्यातली गंमत.

दुसऱ्या दिवशी एसटीनं तालुक्याला गेलो. बँकेत रांगेत उभा राहून समितीच्या खात्यात चाळीस रुपये भरले. कॅशियरनं स्लिप दोनदा वाचली. भरणा-पावतीच्या तीन झेरॉक्स काढल्या, अनुपालन अहवाल टाइप करून घेतला, दोन्ही मिळून बेचाळीस रुपये झाले. एसटीचं भाडं वेगळं.

स्टँडकडे येत होतो तेवढ्यात आशाताईंचा फोन आला. "भाऊ, तालुक्यालाच आहात ना? काथ्या झिजल्यात. दोन घेऊन या. आणि या वेळी पक्कं बिल घ्या बरं का."

तीन दुकानं फिरल्यावर एका मोठ्या भांडीवाल्याकडे कंपनीची, प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद काथ्या मिळाली. पस्तीस रुपयांना एक. पक्कं बिल म्हटल्यावर त्यानं गल्ल्याखालून बिलबुक काढलं, कार्बन सरळ केला, पेन झटकलं आणि विचारलं, "नाव काय टाकू?"

मी समितीचं नाव सांगायला लागलो. बिलावरची ओळ 'पोषण'पर्यंतच पुरली.